पोट उघडल्यावर पुन्हा सोनोग्राफी कशाला?

मागच्या अंकात लिव्हरच्या कॅन्सरवर लिहिलं होतं. त्यानंतर मराठवाड्यातून बरीच पत्रं आली आणि त्यांतल्या अनेकांत ऑपरेशन चालू असताना होणाऱ्या सोनोग्राफीची शंका होती. या वेळी त्याच पत्रांना उत्तरं देते. लांब पत्रं थोडक्यात केली आहेत आणि नावं छापलेली नाहीत.

प्रश्न (अहमदपूर तालुका, जि. लातूर): डॉक्टर मॅडम, आमच्या अण्णांना लिव्हरमधी गाठ निघालीय. वय ६१. मागं कधीतरी रक्त तपासलं तवा 'ब' कावीळ आहे म्हणून आलतं, पण त्रास काही नव्हता म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. आता सीटी झाला, एमआरआय झाला, सगळे रिपोर्ट फायलीत हैत. डॉक्टर म्हणायलेत की ऑपरेशन चालू असताना आतून परत सोनोग्राफी करावी लागंल. इस्टिमेटमधी त्याचे पैसे वेगळे लावलेत. आमचे पाहुणे म्हणायलेत, एवढ्या भारी एमआरआयमधी सगळं दिसल्यावर साध्या सोनोग्राफीत काय नवीन दिसणार? हे बिल वाढवायचं काम तर नाही ना? सोयाबीन विकून पैसे उभे करायलोत, म्हणून विचारलं. राग मानू नका.

उत्तर: राग कसला? सोयाबीन विकून ऑपरेशन करायचं म्हटल्यावर इस्टिमेटमधल्या प्रत्येक ओळीचा हिशोब तुम्ही मागायलाच हवा. पण आधी सरळ उत्तर देते: ही सोनोग्राफी टाळू नका. माझ्या वडिलांचं ऑपरेशन असतं आणि त्या थिएटरात ही सोय नसती, तर मी त्यांना दुसरीकडे नेलं असतं.

पाहुणे 'साधी सोनोग्राफी' म्हणतात ती पोटावरून होते. तिथं मशीन आणि लिव्हर यांच्यामध्ये कातडी, चरबी, बरगड्या आणि आतड्यातला वायू एवढं सगळं असतं. ध्वनिलहर त्यातून खोलवर पोचवायची तर तिची फ्रिक्वेन्सी कमी ठेवावी लागते, साधारण ३ ते ५ मेगाहर्ट्झ, आणि मग चित्रातला बारकावा जातो. पोट उघडल्यावर मध्ये काहीच उरत नाही. प्रोब, म्हणजे मशीनचा हातात धरून टेकवायचा भाग, थेट लिव्हरवर टेकतो, त्यामुळे ५ ते १० मेगाहर्ट्झची लहर चालते आणि काही मिलिमीटरची गाठसुद्धा दिसू शकते.

एमआरआय वाया गेला असं मात्र समजू नका. ऑपरेशन करायचं की नाही, हे त्याच्यावर आणि सीटीवरच ठरतं. पण तो काही दिवसांपूर्वीचा, अण्णा श्वास रोखून उताणे पडलेले असतानाचा. ऑपरेशनमध्ये आम्ही लिव्हरला छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याशी धरून ठेवणारे बंध सोडवतो आणि ते हातात घेऊन फिरवतो. फिल्मवरची वर-खाली, डावी-उजवी मग तशीच राहत नाही. आणि सिरॉसिस झालेलं, म्हणजे 'ब' काविळीसारख्या जुन्या आजाराने कायमचं कडक झालेलं लिव्हर बाहेरून सगळीकडेच टणक आणि गाठाळ लागतं, त्यामुळे आत दोन-तीन सेंटिमीटर खोलवर दडलेली कॅन्सरची गाठ बोटांना कळत नाही. चाळीसेक वर्षांपूर्वीपर्यंत सर्जनकडे बोटांशिवाय दुसरं साधन नव्हतं.

शिवाय लिव्हरवर सीमारेषा आखलेल्या नसतात. क्लोद क्विनो या फ्रेंच शरीररचनातज्ज्ञाने १९५७ मध्ये दाखवून दिलं की आतल्या रक्तवाहिन्यांच्या फांद्यांप्रमाणे लिव्हरचे आठ भाग पडतात आणि प्रत्येक भागाला रक्त आणणारी आपली स्वतंत्र फांदी असते. आजही आम्ही त्याच आठ आकड्यांनी बोलतो, "सहाव्यात गाठ आहे", "आठव्याच्या मागे आहे". पण पोट उघडून पाहिलं तर समोर तांबूस-तपकिरी, सलग पृष्ठभाग. सहावा कुठं संपला आणि सातवा कुठं सुरू झाला, हे नुसत्या डोळ्यांना सांगता येत नाही. जपानमध्ये मासातोशी माकूची यांनी थिएटरातच सोनोग्राफी लावून या फांद्या पाहायला सुरुवात केली. गाठीच्या भागाला रक्त नेणाऱ्या फांदीत, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत, ते बारीक सुईने निळा रंग सोडत. लिव्हरचा तेवढाच भाग निळा व्हायचा आणि मग त्या निळ्या कडेनेच कापायचं. १९८५ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. लिव्हरचा कॅन्सर याच फांद्यांमधून शेजारी पसरतो, म्हणून गाठीसोबत त्या फांदीचा पूर्ण इलाखा काढायचा आणि बाकीचं, सिरॉसिसने आधीच थकलेलं लिव्हर होईल तेवढं वाचवायचं, हा त्यांचा विचार होता.

आता थिएटरात हे कसं चालतं ते सांगते, म्हणजे पैसे कशाचे लागतात ते तुम्हाला दिसेल. उजव्या बरगडीखालून छेद घेतला, बंध सोडवले, की सिस्टर प्रोब हातात देतात. तो अंगठ्याएवढा, आडव्या दांडीचा असतो. प्रोब आणि त्याची वायर, दोन्हींवर निर्जंतुक प्लॅस्टिकची लांब पिशवी चढवलेली असते. पोटावर लावतात तसली जेली इथं वरून लागत नाही, कोमट सलाइन ओतलं की पुरतं. प्रोब दोन बोटांत धरायचा आणि अलगद फिरवायचा, दाबायचा नाही. दाबला तर आतल्या शिरा चपट्या होऊन पडद्यावरून नाहीशा होतात. शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी सगळ्यात आधी हेच सांगते. दुसरी गोष्ट, थेट गाठीवर जायचं नाही. आधी वरच्या टोकाला, जिथं लिव्हरमधलं रक्त बाहेर नेणाऱ्या तीन मोठ्या शिरा हृदयाकडे जाणाऱ्या मुख्य शिरेला मिळतात, तिथं थांबायचं आणि तिथून एकेक शीर माग काढत खाली यायचं. मग आतड्याकडून रक्त आणणारी पोर्टल शीर आणि तिच्या फांद्या. पोर्टलच्या भिंती पडद्यावर ठळक पांढऱ्या दिसतात, बाहेर नेणाऱ्या शिरांच्या भिंती जेमतेम दिसतात. एवढं झालं की लिव्हर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पट्ट्यापट्ट्याने पाहायचं, तिफण चालवताना एकही तास सुटू देत नाहीत तसं.

या पाहणीत चार-पाच गोष्टी ठरतात. गाठ एमआरआयने सांगितली तेवढीच आहे की आणखी आहेत. ती मोठ्या शिरेपासून किती लांब आहे. पोर्टलच्या एखाद्या फांदीत कॅन्सर शिरलाय का. कापल्यानंतर जो भाग मागे राहणार, त्याला रक्त आणणारी आणि त्यातून रक्त नेणारी शीर दोन्ही शाबूत राहतील का. मग पडद्यावर बघत लिव्हरच्या पृष्ठभागावर कॉटरीने, म्हणजे विजेवर तापणाऱ्या टोकाने, ठिपके देऊन कापायची रेघ आखतो.

अण्णांसाठी हे एवढं महत्त्वाचं का? दर मिनिटाला लिव्हरमधून लिटर-दीड लिटर रक्त वाहतं. नको त्या शिरेला धक्का लागला तर काय होतं, हे वेगळं सांगायला नको. दुसरं, सिरॉसिस असलेल्या माणसाला ऑपरेशननंतर लिव्हरचा साधारण ४० टक्के तरी भाग मागे ठेवावा लागतो. निरोगी लिव्हर असेल तर २०-२५ टक्क्यांवरही भागतं, कारण ते पुन्हा वाढतं. सिरॉसिसमध्ये वाढायची ती ताकद कमी झालेली असते. जास्त कापलं तर गाठ जाते पण लिव्हर बंद पडतं. कमी कापलं तर कॅन्सर मागे राहतो. या दोन्हींच्या मधली वाट पडद्यावर दिसते.

कापायला सुरुवात केल्यावरही प्रोब बाजूला ठेवून देत नाही. थोडं कापलं की परत लावून बघायचं, रेघ गाठीकडे तर सरकत नाही ना. काढलेला तुकडा सलाइनच्या भांड्यात बुडवून त्यावरही प्रोब फिरवतो, गाठ पूर्ण आत आहे ना आणि तिच्या चारी बाजूंनी चांगल्या लिव्हरची कड आहे ना, हे बघायला. नंतर ट्रेमध्ये ठेवून बाहेर नातेवाइकांना दाखवतात, तो हाच तुकडा. तुम्हाला दाखवतील तेव्हा बिचकू नका. "कड किती ठेवली?" असं विचारा.

पैशांबद्दल. ही पाहणी सहसा सर्जन स्वतः करतात, काही ठिकाणी रेडिओलॉजिस्ट येतात. पहिली पाहणी साधारण पंधरा-वीस मिनिटांची असते. दवाखान्याला विचारा की हा आकडा मशीनचा, प्रोबवरच्या पिशवीचा की रेडिओलॉजिस्टच्या फीचा. पटेल असं उत्तर मिळालं पाहिजे. आणि सोयाबीन विकण्याआधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं बघा. योजनेत असलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात, त्यांच्याकडे रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा. ऑपरेशन योजनेच्या पॅकेजमध्ये बसलं, तर आतल्या तपासणीचे वेगळे पैसे द्यायची गरज नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी सांगते. अण्णांची 'ब' कावीळ अजून रक्तात आहेच. त्या विषाणूचं प्रमाण मोजून घ्या. विषाणू दाबून ठेवणारी टेनोफोव्हिर किंवा एंटेकॅव्हिरची गोळी लागणार असेल, तर ऑपरेशन झालं म्हणून ती बंद करायची नसते.

प्रश्न (परभणी जिल्हा): आदरणीय ताई, माझ्या आईला सिरॉसिस होता आणि लिव्हरच्या उजव्या भागात कॅन्सरची गाठ होती. मोठ्या शहरातल्या एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. आत नेल्यावर दीड-दोन तासांतच डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "आतल्या सोनोग्राफीत डाव्या बाजूलाही गाठी दिसल्या, काढण्यात अर्थ नाही, बंद केलं." पैसे मात्र पूर्ण भरावे लागले. भाऊ म्हणतो, आपल्याला फसवलं. आई रोज विचारते, "निघाली का गं गाठ?" आम्ही "निघाली" म्हणतो. ती पथ्य पाळते, टाक्यांना जपते आणि मला तिच्याकडे बघवत नाही. त्यांनी बरोबर केलं का? आणि आता काय करायचं?

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी भावाच्या शंकेबद्दल लिहिते. पोट उघडून गाठ न काढता बंद करणं ही फसवणूक नाही. जे दिसलं ते तसंच असेल, तर तो निर्णय तुमच्या आईच्या भल्याचा होता. दोन्ही बाजूंना कॅन्सर असताना उजवा भाग काढला असता, तर डाव्या बाजूचा कॅन्सर राहिलाच असता आणि सिरॉसिसचं उरलेलं लिव्हर ते ऑपरेशन पेलू शकलं नसतं. पोटात पाणी, कावीळ, बेशुद्धी, असा तो रस्ता असतो. आता तुमची आई चालतेय, जेवतेय आणि पुढचे उपचार घेऊ शकतेय, हे थांबायचं कुठं ते त्यांना कळलं म्हणून.

माझी तक्रार दुसरी आहे. थिएटरात नेण्याआधी तुम्हाला कुणी सांगितलं होतं का, की आत प्रोब लावल्यावर बेत बदलू शकतो? पत्रावरून तसं दिसत नाही. लिव्हरच्या ऑपरेशनला नेताना घरच्यांना समोर बसवून सांगायला हवं: ठरलं तेवढंच काढू, किंवा आणखी गाठ दिसली तर जास्त काढू किंवा ती जागेवरच जाळू, किंवा काहीच न काढता बंद करू. संमतीपत्रावर छापील मजकुरात हे असतं, पण संमतीपत्र सही करायला पुढे येतं तेव्हा ते वाचायच्या मनःस्थितीत कोण असतं? तोंडानं सांगावं लागतं, घरच्यांच्या भाषेत. ते झालं असतं तर भावाच्या मनात 'फसवलं' हा शब्द आला नसता.

आता कामाचं. दवाखान्याकडून ऑपरेशन नोट, आत घेतलेली सोनोग्राफीची चित्रं आणि डाव्या बाजूच्या गाठीचा तुकडा तपासला असेल तर त्याचा रिपोर्ट मागा. लेखी अर्ज द्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात. तुकडा तपासला होता का, हे मी मुद्दाम विचारायला सांगतेय. सिरॉसिसच्या लिव्हरमध्ये कॅन्सर नसलेल्या गाठीही भरपूर असतात. लिव्हर खराब होता होता स्वतःला भरून काढायचा प्रयत्न करतं, त्यातून त्या तयार होतात. सोनोग्राफीच्या काळ्या-करड्या चित्रात या गाठी आणि कॅन्सर कधी कधी सारखेच दिसतात, आणि आतल्या सोनोग्राफीची नजर एवढी बारीक की असं काहीबाही जास्तच दिसतं. शंका असेल तिथं प्रोबवर बघत सुईने तुकडा घेतात आणि पॅथॉलॉजिस्ट थोड्या वेळात कॅन्सर आहे की नाही ते सांगतात. काही ठिकाणी शिरेतून अतिसूक्ष्म वायूचे बुडबुडे देऊन सोनोग्राफी करतात. ते लाल रक्तपेशीपेक्षा मोठे नसतात, आतला वायू श्वासावाटे निघून जातो आणि किडनीवर ताण येत नाही. कॅन्सरच्या गाठीत हे बुडबुडे आधी झपकन भरतात आणि मग आजूबाजूच्या लिव्हरच्या आधी ओसरतात, त्यावरून फरक कळतो. तुमच्या आईच्या बाबतीत यातलं काही झालं असेल, तर ते नोटमध्ये लिहिलेलं असेल.

ते कागद आणि आधीच्या सीटी-एमआरआयच्या सीडी घेऊन दुसरं मत घ्या. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जा, किंवा जमलं तर मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलला. तिथं एकटा सर्जन ठरवत नाही. सर्जन, औषधांचे डॉक्टर आणि रेडिओलॉजिस्ट मिळून बसतात. ऑपरेशन होत नाही म्हणजे सगळे रस्ते बंद, असं नाही. लहान गाठी पोटावरूनच सुई घालून, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत जाळता येतात. मांडीच्या धमनीतून बारीक नळी लिव्हरपर्यंत नेऊन गाठीला रक्त देणाऱ्या फांदीत औषध सोडतात आणि ती फांदी बंद करतात. गोळ्या आहेत, इम्युनोथेरपीची इंजेक्शनं आहेत. यातलं कुठलं चालेल ते लिव्हरची ताकद किती उरली आहे यावर ठरतं, म्हणून बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि पीटी-आयएनआर हे ताजे रिपोर्ट सोबत न्या. लिव्हर बदलायचं म्हटलं तर त्याचे निकष कडक आहेत: एकच गाठ असेल तर ५ सेंटिमीटरपर्यंत, नाहीतर जास्तीत जास्त तीन गाठी, प्रत्येक ३ सेंटिमीटरच्या आत. १९९६ मध्ये इटलीतल्या मिलान शहरातल्या डॉक्टरांनी हे निकष मांडले आणि अजूनही त्यांचाच आधार घेतला जातो.

आणि आईला सांगा. हे लिहिताना मला जड जातंय, कारण आपल्याकडे घरोघर हेच चालतं: दाराबाहेर सगळ्यांना माहीत असतं आणि खाटेवरच्या माणसाला माहीत नसतं. पण पुढच्या उपचाराला तिला न्यायचं आहे. गाठ निघाली असेल तर आता मांडीतून नळी कशासाठी, असं ती विचारणारच. एका बैठकीत सगळं सांगायला हवं असं नाही. "गाठ काढणं धोक्याचं होतं, म्हणून डॉक्टरांनी काढली नाही, आता दुसऱ्या पद्धतीनं उपचार करायचेत", एवढ्यापासून सुरुवात करा. नंतर ती जेवढं विचारेल तेवढं खरं सांगा. मी पाहिलेल्या पेशंटपैकी बहुतेकांना घरच्यांच्या चेहऱ्यावरून आधीच अंदाज आलेला असतो. तेही घरच्यांना त्रास नको म्हणून गप्प राहतात.

प्रश्न (माजलगाव, जि. बीड): माझ्या मामांचं लिव्हरचं ऑपरेशन दुर्बिणीतून करणार आहेत. पोटच उघडणार नाही, तर आतून सोनोग्राफी कशी करणार?

उत्तर: दुर्बिणीसाठी वेगळा, लांब दांड्याचा प्रोब असतो. तो १०-१२ मिलिमीटरच्या छिद्रातून आत जातो आणि बाहेरच्या मुठीवरून त्याचं टोक वर-खाली, बाजूला वळवता येतं. एका पडद्यावर कॅमेऱ्याचं चित्र आणि दुसऱ्यावर सोनोग्राफीचं, असं दोन्हीकडे बघत काम चालतं. दुर्बिणीत बोटांनी चाचपायची सोयच नाही, म्हणून तिथं प्रोब उघड्या ऑपरेशनपेक्षाही जास्त लागतो. लिव्हरच्या मागच्या-वरच्या भागात त्याला पोचायला अवघड जातं. मामांची गाठ सातव्या किंवा आठव्या भागात असेल, तर दुर्बिणीचाच आग्रह धरू नका. सर्जन 'उघडून करू' म्हणाले तर ऐका.

प्रश्न (वसमत, जि. हिंगोली): वडिलांच्या बिलात 'इंट्राऑप सोनोग्राफी' आणि 'क्यूसा, अल्ट्रासॉनिक' अशा दोन ओळी आहेत. एकाच गोष्टीचे दोनदा पैसे लावलेत का? आणि या लहरींनी कॅन्सर पसरत तर नाही ना?

उत्तर: दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोनोग्राफी बघायला, क्यूसा कापायला. क्यूसाचं टोक सेकंदाला हजारो वेळा थरथरतं, २३ किलोहर्ट्झने म्हणजे २३ हजार वेळा. त्याने लिव्हरच्या मऊ पेशी फुटतात आणि लगेच ओढून घेतल्या जातात. रक्तवाहिन्या चिवट असल्याने शाबूत राहतात, उघड्या दिसतात आणि एकेक बांधता येतात. सोनोग्राफी काही कापत नाही. ती ध्वनिलहर आहे, तिच्यात किरणोत्सर्ग नाही आणि तिच्यामुळे कॅन्सर पसरत नाही.

प्रश्न (जालना): सासऱ्यांच्या लिव्हरच्या ऑपरेशनला गेलो, तेव्हा थिएटरच्या दाराशीही 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' हा बोर्ड होता. पुरुषाच्या पोटाच्या ऑपरेशनला हा बोर्ड कशाला?

उत्तर: १९९४ चा गर्भलिंग निदानविरोधी कायदा मशीनला लागू होतो, ते कुणावर वापरायचं यावर तो अवलंबून नाही. थिएटरातलं मशीनही नोंदवावं लागतं, बोर्ड लावावा लागतो आणि ते मनाला येईल तिकडे उचलून नेता येत नाही. यामुळे आमची कागदपत्रं वाढतात, पण मला हा बोर्ड खटकत नाही. आपल्या भागात मुलींचं काय झालं ते आपण पाहिलंय.

प्रश्न (मुखेड तालुका, जि. नांदेड): आमचा मोठा भाऊ लिव्हरच्या कॅन्सरनं गेला. त्याला 'ब' कावीळ होती हे शेवटी कळलं. दोन वेळा आम्ही त्याला गावातच चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवून आणलं होतं. आम्ही तिघं भाऊ मागं राहिलो. आम्ही काय तपासावं? वर्षातून एकदा सीटी काढावा का?

उत्तर: भाऊ गेला त्याचं वाईट वाटलं. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पाणी पिवळं होतं ते चुन्यामुळे आणि त्यात टाकलेल्या पाल्यामुळे. रक्तातल्या विषाणूला त्याचा पत्ताही नसतो. अंगाचा पिवळेपणा पुष्कळदा आपोआप ओसरतो, म्हणून उतरवणाऱ्यावर विश्वास बसतो आणि आत 'ब' चं काम वर्षानुवर्षं चालू राहतं. यात तुमचा दोष नाही, तुम्हाला कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

सीटी नको. आधी तिघांची एचबीएसएजी ही रक्ताची तपासणी करा. राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात, तो २०१८ मध्ये सुरू झाला, ही तपासणी आणि लागल्यास गोळ्याही सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. ज्याची निगेटिव्ह येईल त्यानं लस घ्यावी, तीन डोस: आज, एका महिन्यानं आणि सहाव्या महिन्यात. ज्याची पॉझिटिव्ह येईल त्यानं लिव्हरच्या डॉक्टरांकडे जावं आणि ते सांगतील त्याप्रमाणे दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करावी, सोबत एएफपी ही रक्ततपासणी. इथं मात्र पोटावरूनची साधी सोनोग्राफीच चालते. गाठ दोन-तीन सेंटिमीटरची असताना सापडली तर ती काढता येते किंवा जाळता येते. पोटात दुखायला लागेपर्यंत थांबलं, तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. दारू पूर्ण बंद. बुरशी आलेले शेंगदाणे आणि मका घरात खाऊ नका. निवडून, धुऊन, भाजूनही नाही, कारण त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन भाजल्याने पूर्ण जात नाही आणि 'ब' असलेल्या माणसाला ते कितीतरी जास्त घातक.

पत्रात तुम्ही तिघा भावांचंच लिहिलंय, पण त्याच पत्रात 'बहिणीला लोह्याला दिलंय' असा उल्लेख आहे. तिचीही तपासणी करा. 'ब' चा विषाणू पुष्कळदा बाळंतपणात आईकडून मुलाला येतो, म्हणजे तुम्हा चौघांनाही तो एकाच वाटेनं आलेला असू शकतो. आई हयात असेल तर तिचीही. आणि बहीण पॉझिटिव्ह निघाली तर तिच्या मुलांची तपासणी करा. पुढे ती गरोदर राहिली तर पहिल्या महिन्यांतच हा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवायला सांगा. बाळाला जन्मल्याबरोबर, शक्यतो १२ तासांच्या आत, लसीचा पहिला डोस आणि इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन द्यावं लागतं. लस सरकारी दवाखान्यात असते. इंजेक्शन मात्र तालुक्याच्या ठिकाणी ऐनवेळी मिळेलच असं नाही, ते आधी मागवून ठेवायला सांगा.